राणी दुर्गावती : एक जीवन आणि वंशावळीतील दोन प्रश्न



श्राद्धाच्या दिवशी आपल्या घरी तीन पिढ्यांची नावे घेतली जातात: वडील, आजोबा आणि पणजोबा. त्याच्याही मागे जायचे म्हटले, की बहुतेक घरांत आवाज हळू होतो. एक आत्या सांगते की खापरपणजोबा दत्तक आले होते. काका म्हणतात, छे, ते सख्खेच. जमिनीच्या जुन्या फेरफारावर एक नाव असते आणि त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत दुसरेच निघते. मग कोणीतरी चहा ठेवायला उठते आणि विषय तिथेच थांबतो.

असा प्रश्न आपल्यासारख्या सामान्य घरांतच पडतो असे नाही. ज्यांच्या नावाने आज विद्यापीठ आणि संग्रहालय आहे, ज्यांचा बलिदान दिन दरवर्षी २४ जूनला पाळला जातो, त्या जबलपूरच्या राणी दुर्गावती यांच्या घराण्यातही तो आहे, आणि एकदा नव्हे, दोनदा आहे. त्यांचे स्वतःचे वडील कोण, याची दोन उत्तरे मिळतात. त्यांचे पती दलपतशाह यांचे जन्मदाते वडील कोण, याचीही दोन उत्तरे मिळतात. आज आपण राणींचे जीवन पाहू या आणि त्याच ओघात, पुरावे एकमेकांशी जुळत नसतील तेव्हा सत्याकडे कसे जायचे, हेही त्यांच्या घराण्याकडूनच शिकू या.

चंदेलांची कन्या

राणी दुर्गावती यांचा जन्म चंदेल राजकुळात झाला. खजुराहोची मंदिरे उभारणारे हेच ते चंदेल. मात्र सोळाव्या शतकापर्यंत त्यांचे जुने वैभव ओसरले होते. ५ ऑक्टोबर १५२४ ही राणींची जन्मतारीख मानली जाते. दुर्गाष्टमीला जन्मल्या म्हणून दुर्गावती, असे लोक सांगतात. जन्मस्थान म्हणून कालिंजरच्या किल्ल्याचे नाव घेतले जाते. हा किल्ला आज उत्तर प्रदेशातील बांदा जिल्ह्यात आहे.

येथेच पहिला प्रश्न उभा राहतो. लोककथांत आणि अलीकडच्या अनेक चरित्रांत राणींचे वडील म्हणून कालिंजरचे राजे कीरतसिंह यांचे नाव येते. अकबराच्या दरबारातील इतिहासकार अबुल फजल याने मात्र अकबरनाम्यात वेगळे नाव नोंदवले आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे राणी या राठ आणि महोबा येथील चंदेल राजा सालबाहन यांच्या कन्या होत. राठ आणि महोबा ही दोन्ही ठिकाणे बुंदेलखंडातलीच, पण कालिंजर नव्हे. हा प्रश्न सध्या बाजूला ठेवू या. त्याच्याकडे आपण परत येणार आहोत.

लहानपणापासून राणींना घोडेस्वारी, धनुर्विद्या आणि बंदूक चालवणे यांची आवड होती. त्यांच्या शिकारीची कीर्ती इतकी होती की शत्रूच्या दरबारातील अबुल फजलनेही ती लिहून ठेवली. वाघ दिसल्याची खबर आली की त्याला मारल्याशिवाय राणी पाणीही घेत नसत, असे तो सांगतो.

गढ्याचे राज्य

आजच्या जबलपूर शहरातील गढा हा भाग एके काळी एका मोठ्या गोंड राज्याचे केंद्र होता. फारसी लेखक या राज्याला गढा-कटंगा म्हणत, आणि पुढे ते गढा-मंडला या नावाने ओळखले गेले. या घराण्याची परंपरा मूळ पुरुष म्हणून यादवराय यांचे नाव सांगते. ते गोदावरीच्या बाजूने नर्मदेकाठी आले, गढ्याच्या गोंड प्रमुखाच्या मुलीशी त्यांचे लग्न झाले आणि तिच्याकडून राज्य त्यांच्याकडे आले, अशी ती कथा आहे. म्हणजे या वंशावळीची सुरुवातच एका जावयापासून होते, हे लक्षात ठेवावे.

या घराण्यातील सर्वांत पराक्रमी राजे म्हणजे संग्रामशाह. त्यांचे मूळ नाव अमनदास. त्यांनी ५२ गड आपल्या राज्यात आणले, असे त्यांच्या वंशजांच्या शिलालेखात म्हटले आहे. जबलपूरजवळचा संग्रामसागर तलाव आणि त्याच्या काठचे बाजनामठ हे भैरवाचे मंदिर आजही त्यांची आठवण देतात. त्यांच्यानंतर गादीवर आले दलपतशाह. १५४२ च्या सुमारास दलपतशाह आणि दुर्गावती यांचा विवाह झाला.

हा विवाह त्या काळात साधा नव्हता. वधू प्राचीन राजपूत कुळातली आणि वर गोंड राजघराण्यातला. लोककथा सांगते की राणींनी स्वतः दलपतशाहांची निवड केली, वडिलांचा विरोध होता आणि वर सैन्य घेऊनच लग्नाला आला. अबुल फजल वेगळे सांगतो. त्याच्या मते दलपतशाह मोठ्या कुळातले नव्हते, पण त्यांच्याकडे संपत्ती होती. इकडे सालबाहन यांचे दिवस फिरले होते, म्हणून त्यांना ही सोयरीक मान्य करावी लागली. कारण काहीही असो, दोन समाजांमधली भिंत या विवाहाने ओलांडली, यावर दोन्ही कथांचे एकमत आहे.

आता दुसरा प्रश्न. तोच अबुल फजल आणखी एक गोष्ट सांगतो. संग्रामशाहांना मूल होत नव्हते. त्यांच्या पदरी गोविंददास नावाचा कछवाह राजपूत होता आणि त्याची पत्नी गरोदर होती. संग्रामशाहांनी त्याला सांगितले की तिचे बाळंतपण आपल्या महालात व्हावे. मुलगी झाली तर ती गोविंददासाची, मुलगा झाला तर तो आपला, आणि ही गोष्ट बाहेर फुटता कामा नये. मुलगा झाला. तेच दलपतशाह.

वाचकहो, ही कथा खरी मानली तर दलपतशाह जन्माने गोंड राजघराण्यातले राहत नाहीत. मग ओलांडलेली ती भिंतही उरत नाही, कारण विवाह दोन राजपूत कुळांमधलाच ठरतो. मंडला आणि जबलपूर परिसरातील गोंड कुटुंबांसाठी ही केवळ पुस्तकी चर्चा नाही. त्यांच्या एका राजाला त्यांच्यातला म्हणायचे की नाही, असा तो प्रश्न आहे.

राज्यकर्ती आई

१५४५ मध्ये राणींना पुत्र झाला. त्याचे नाव वीरनारायण. मूल पाच वर्षांचे असताना दलपतशाह वारले. राणींनी बालराजाला गादीवर बसवले आणि कारभार स्वतःच्या हाती घेतला. अधार कायस्थ आणि मान ब्राह्मण हे त्यांचे प्रमुख सहकारी होते. राजधानी त्यांनी सिंगौरगडहून सातपुड्यातील चौरागड या अवघड किल्ल्यावर नेली.

त्यानंतरची सुमारे चौदा वर्षे हा राणींच्या जीवनाचा गाभा आहे. जबलपूरला गेलात तर राणीताल, चेरीताल आणि अधारताल ही नावे आपल्या कानी पडतील. पहिला तलाव राणींचा, दुसरा त्यांच्या दासीचा आणि तिसरा त्यांच्या मंत्र्याचा, अशी परंपरा आहे. स्वतःच्या नावाच्या तलावाजवळ दासीच्या नावाचाही तलाव असावा, यातून त्या राज्यकर्तीचा स्वभाव दिसतो. १५५५ मध्ये माळव्याच्या गादीवर आलेला बाजबहादूर याने गढ्यावर चाल केली, तेव्हा राणींनी त्याला पराभूत करून परत पाठवले. त्यांच्या पदरी २०,००० घोडेस्वार आणि १,००० हत्ती होते, असे अबुल फजल लिहितो.

या सर्व काळात प्रजेने, सरदारांनी किंवा मंत्र्यांनी दलपतशाहांच्या जन्माचा प्रश्न काढून वीरनारायणाचा हक्क नाकारला, असे अबुल फजलच्या कथेतही नाही. हे आपण टिपून ठेवू.

नर्रईची लढाई

१५६४ मध्ये कडा येथील मोगल सुभेदार आसफखान गढ्यावर चालून आला. हल्ल्याची बातमी आली तेव्हा राणींचे सैन्य ठिकठिकाणी विखुरलेले होते आणि त्यांच्याजवळ सुरुवातीला जेमतेम ५०० माणसे उरली होती. मंत्र्याने सावधपणाचा सल्ला दिला. राणींनी अपमानाने जगण्यापेक्षा लढण्याचा मार्ग निवडला आणि डोंगर व नद्यांनी वेढलेल्या नर्रई येथे मोर्चा बांधला. ही जागा जबलपूरहून मंडल्याकडे जाताना बरेल्याजवळ आहे.

पहिल्या दिवशी राणींनी मोगल सैन्याला खिंडीतून मागे रेटले. त्याच रात्री छापा घालावा, कारण सकाळी शत्रूच्या तोफा पोहोचतील, असे त्यांचे मत होते. सरदारांनी ते मानले नाही. दुसऱ्या दिवशी तोफा आल्या. राणी सरमन नावाच्या हत्तीवर बसून लढत होत्या. वीरनारायणही लढत होता. तो जखमी झाल्यावर राणींनी त्याला सुरक्षित ठिकाणी पाठवले आणि स्वतः रणातच राहिल्या. एक बाण कानशिलात लागला, तो त्यांनी उपसून टाकला. दुसरा मानेत रुतला. शुद्ध हरपण्याआधी त्यांनी हत्तीवरील विश्वासू सेवकाला आपला अंत करण्यास सांगितले. त्याचा हात धजला नाही. तेव्हा राणींनी स्वतःच्या कट्यारीने आपले जीवन संपवले. तो दिवस होता २४ जून १५६४.

पुढे चौरागड पडला. वीरनारायण तेथे लढताना मारला गेला आणि किल्ल्यात जोहार झाला. आसफखानाच्या हाती प्रचंड संपत्ती लागली, आणि तिच्यातला मोठा भाग त्याने बादशहापासून लपवून ठेवला. राणी जिथे पडल्या तिथे त्यांची समाधी आहे. एकोणिसाव्या शतकात जबलपूरला असलेला इंग्रज अधिकारी स्लीमन याने नोंदवून ठेवले आहे की येणारे-जाणारे वाटसरू परिसरातील एखादा चमकदार पांढरा स्फटिक उचलून त्या समाधीवर ठेवत असत. त्या वाटसरूंना राणींची वंशावळ विचारायची गरज वाटली नव्हती.

आता पुरावे समोर मांडू

मी वाणिज्य शाखेत शिकते. आम्हाला बँक जुळवणी पत्रक शिकवतात. व्यापाऱ्याच्या रोख पुस्तकातली शिल्लक आणि बँकेच्या पासबुकातली शिल्लक जुळत नाही, तेव्हा दोनपैकी एक वही फाडून टाकायची नसते. प्रत्येक फरक वेगळा काढायचा, तो का पडला ते शोधायचे आणि प्रत्येक नोंदीमागचे प्रमाणक पाहायचे. वंशावळीतल्या फरकालाही हीच रीत लावता येते.

दलपतशाहांबद्दल दोन वह्या आपल्यासमोर आहेत. एक अकबरनामा. दुसरी म्हणजे मंडल्याजवळ नर्मदेकाठी रामनगर येथील संस्कृत शिलालेख. हा लेख १६६७ मध्ये राजा हृदयशाह यांच्या काळात कोरला गेला. त्याचा कवी जयगोविंद. यादवरायांपासून हृदयशाहांपर्यंत पन्नासाहून अधिक राजांची नावे त्यात ओळीने दिली आहेत. त्यात दलपती हे संग्रामशाहांचे पुत्र आहेत आणि दुर्गावती यांचा गौरव आहे. कछवाह कथेचा त्यात मागमूस नाही.

आधी काळ पाहू. दलपतशाह १५४२ मध्ये विवाहाच्या वयाचे होते. अकबरनामा लिहिला गेला तो त्या शतकाच्या शेवटच्या दशकात, म्हणजे त्यांच्या जन्मानंतर साठ-सत्तर वर्षांनी. लिहिणारा अबुल फजल १५५१ मध्ये जन्मला. शिलालेख तर आणखी सत्तर वर्षांनंतरचा. प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार दोन्हींकडे नाही. म्हणून केवळ जुने ते खरे, असे म्हणून निकाल लागत नाही.

मग माहिती मिळण्याचा मार्ग पाहू. राज्य कोणाकडून कोणाकडे गेले, ही उघड गोष्ट असते. हजारो लोक ती पाहतात. महालातल्या बाळंतपणाची अदलाबदल ही गुप्त गोष्ट. कथेतच ती गुप्त ठेवायची अट आहे. अशी गोष्ट साठ वर्षांनी दूरच्या दरबारात पोहोचते ती कानोकानी. या प्रवासात तिला किती पदर जोडले जातात, हे आपल्यापैकी प्रत्येक जण आपल्याच नातेवाइकांच्या बैठकीत पाहतो.

लिहिणाऱ्याचा हेतूही पाहायला हवा. अबुल फजल विजेत्याच्या दरबारातला. त्याच्या लेखनात संग्रामशाह हे बापाला मारणारे बंडखोर आहेत. ज्याचे राज्य आपण घेतले त्याची गादी मुळातच शुद्ध नव्हती, असे दिसणे विजेत्याला सोयीचे असते. पण हेही सांगितले पाहिजे की राणींचे शौर्य त्याने मोकळ्या मनाने गौरवले आहे. तो केवळ द्वेषाने लिहीत नाही. दुसरीकडे हृदयशाहांचा हेतू आपल्या पूर्वजांची कीर्ती सांगण्याचा. तेही निःस्वार्थ नव्हते.

इथे एक बारकावा आहे. वीरनारायणाबरोबर दलपतशाहांची शाखा संपली. त्यानंतर मोगलांनी दहा गड घेऊन उरलेले राज्य चंद्रशाह यांना दिले. चंद्रशाह हे दलपतशाहांचे भाऊ, संग्रामशाहांचे दुसरे पुत्र. चंद्रशाहांचे मधुकरशाह, त्यांचे प्रेमनारायण आणि त्यांचे हृदयशाह. म्हणजे शिलालेख कोरवणारे राजे दलपतशाहांचे वंशजच नव्हते. दलपतशाह कोणाचेही पुत्र असते तरी हृदयशाहांच्या हक्काला धक्का लागत नव्हता. ज्या नोंदीत लिहिणाऱ्याचा थेट लाभ नाही, तिचे वजन वाढते. शिवाय संग्रामशाहांना चंद्रशाह हा मुलगा होता, ही गोष्ट त्यांच्या निपुत्रिकपणाच्या कथेशी सहज जुळत नाही.

आणि शेवटी, अबुल फजलच्या स्वतःच्याच दोन नोंदी शेजारी ठेवून पाहू. एका ठिकाणी तो म्हणतो की दलपतशाह मोठ्या कुळातले नव्हते. दुसऱ्या ठिकाणी सांगतो की ते जन्माने कछवाह होते. कछवाह म्हणजे आमेरचे घराणे, ज्याच्याशी खुद्द अकबराने १५६२ मध्ये सोयरीक केली होती. गुपित फुटले नव्हते, असे म्हटले तर दोन्ही विधाने कशीबशी एकत्र बसतात. पण चंदेल राजकन्या गोंड घरात कशी आली, याचे स्पष्टीकरण म्हणून ही कथा नंतर रचली गेली असावी, हा अर्थ मला अधिक सरळ वाटतो.

या सगळ्याची बेरीज अशी होते. संग्रामशाहांनी दलपतशाहांना आपला मुलगा म्हणून वाढवले, राज्य दिले आणि लोकांनी ते स्वीकारले, यावर दोन्ही वह्या एकमताने बोलतात. संग्रामशाहांच्या वडिलांचे नाव अर्जुन, हेही दोन्हींत आहे. ही झाली जुळलेली शिल्लक. कछवाह कथा ही एकाच साक्षीदाराची, दुरून ऐकलेली आणि आधार नसलेली नोंद. म्हणून वंशावळीत लिहावे ते असे: दलपतशाह, संग्रामशाहांचे पुत्र. आणि खाली टीप द्यावी की अबुल फजलने वेगळी कथा सांगितली आहे. टीप खोडू नये, आणि ती मुख्य ओळीतही आणू नये.

तोच साक्षीदार, दुसरा प्रश्न

आता आपण बाजूला ठेवलेला पहिला प्रश्न घेऊ. राणींचे वडील कोण? मन पटकन म्हणेल की अबुल फजलची एक गोष्ट टिकली नाही, मग त्याची दुसरीही सोडून द्यावी. पण असे केले तर आपण पुरावा तोलत नाही, राग काढतो.

एका राजाची मुलगी दुसऱ्या राजघरात दिली जाते, ही उघड गोष्ट आहे. तिच्या वडिलांचे नाव आणि गाव माहीत असायला महालातले गुपित कळावे लागत नाही. सालबाहन हे नाव सांगून मोगल दरबाराला काही लाभ नव्हता. उलट कीरतसिंह यांचे नाव मोठे आहे, कारण त्यांच्याच कालिंजरला वेढा घालताना मे १५४५ मध्ये शेरशाह मरण पावला. प्रसिद्ध नावे वंशावळींना स्वतःकडे ओढतात. एखाद्या गावच्या साध्या पाटलाऐवजी गडाचा किल्लेदार पूर्वज म्हणून सांगायला कोणालाही आवडते. म्हणून या बाबतीत, आपल्या आवडत्या कथेला थोडी मुरड घालावी लागली तरी, राठ-महोब्याचे सालबाहन हेच नाव अधिक भक्कम ठरते. कालिंजर आणि महोबा ही दोन्ही चंदेलांचीच ठाणी असल्याने एकाच्या जागी दुसरे येणे अवघडही नव्हते.

एकच साक्षीदार एका प्रश्नात कच्चा आणि दुसऱ्यात पक्का ठरू शकतो. वजन माणसाचे करायचे नसते, त्याच्या एकेका विधानाचे करायचे असते. ही गोष्ट इतिहासापुरती नाही. घरातली एखादी व्यक्ती एकदा चुकीचे बोलली म्हणून तिचे पुढचे सगळेच खोटे मानण्याची सवय आपल्याला किती सहज लागते!

आपल्या घरातले उदाहरण

हे सगळे दूरच्या राज्यात घडले असे वाटत असेल तर साताऱ्याकडे पाहा. डिसेंबर १७४९ मध्ये छत्रपती शाहू महाराज वारले. त्यांना पुत्र नव्हता. ताराबाईंनी सांगितले की रामराजा हा आपला नातू आहे, लहानपणापासून लपवून वाढवलेला. त्यांच्या शब्दावर रामराजा छत्रपती झाले. वर्षाच्या आतच राजकारण फिरले. ताराबाईंनी त्यांना साताऱ्याच्या किल्ल्यावर अटकेत ठेवले आणि हा आपला खरा नातू नव्हेच, असे सांगितले. १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबासमोर त्यांनी तशी शपथही घेतली. एकाच आजीच्या दोन साक्षी, दोन्ही राजकारणाच्या ऐन रेट्यात दिलेल्या. रामराजा मात्र १७७७ पर्यंत छत्रपती राहिले, आणि शेवटी त्यांनीही दत्तकच घेतला. पितृत्वाची साक्ष कोणत्या घटकेला आणि कशासाठी दिली गेली, हे पाहणे किती आवश्यक आहे, ते यावरून कळते.

राणींच्या घराण्याशी आपला मराठी माणसांचा आणखी एक संबंध आहे, आणि तो अभिमानाने मिरवण्यासारखा नाही. १७४२ मध्ये नानासाहेब पेशव्यांच्या स्वारीत मंडल्याचे राजे महाराजशाह मारले गेले. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी हे राज्यच संपवले आणि नंतर तो मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला. जबलपूरशी मराठी माणसाचे नाते जुळले ते या इतिहासातून. राणींच्या समाधीवर फूल वाहताना ही नोंदही आपल्याच वहीत आहे, हे विसरू नये. प्रामाणिक जुळवणीत न आवडणारी नोंद वगळता येत नाही.

आपण काय करावे

आपल्या कुटुंबाची वंशावळ लिहायला आपण बसला असाल, तर काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. शाळा सोडल्याचा दाखला, गावच्या कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूच्या नोंदी, जमिनीचा फेरफार, लग्नपत्रिका, तीर्थोपाध्यायांची वही आणि कुलवृत्तान्त हे सर्व एकत्र मांडा. प्रत्येक नोंदीपुढे लिहा की ती घटनेनंतर किती वर्षांनी, कोणी आणि कशासाठी केली. वारसनोंदीत जमिनीचा लाभ असतो, म्हणून ती जपून वाचा. शाळेच्या दाखल्यातले नाव बहुधा मुलाला शाळेत घालणाऱ्याने सांगितलेले असते. तो मामा किंवा शेजारीही असू शकतो. दोन नोंदी सारख्या निघाल्या तर एक दुसरीवरून उतरवली नाही ना, हे पाहा. मग निकाल लिहा आणि वेगळे मत खाली टीप म्हणून राहू द्या.

आणि शोधताना माणसे दुखावू नका. दत्तक आलेला खापरपणजोबा हा घराण्याचा डाग नव्हे. आपल्या परंपरेत दत्तक पुत्र त्या घराचे गोत्र घेतो, त्याच घराच्या पितरांना पाणी देतो. १९५६ च्या दत्तक कायद्यानेही दत्तक मुलाला दत्तक घेतल्या दिवसापासून त्या घरचेच मूल मानले आहे. घरातल्या वृद्ध आजीला न्यायालयात उभे केल्यासारखे प्रश्न विचारू नयेत. तिच्या शेजारी बसावे, तिला बोलू द्यावे, आणि तिने एखादी गोष्ट न सांगण्याचे ठरवले असेल तर तिच्या त्या मौनाचाही मान ठेवावा.

दलपतशाह संग्रामशाहांचे पुत्र होते, असे पुरावा तोलून आपण म्हणालो. तरीही क्षणभर अबुल फजलची कथा खरी मानू. मग काय बदलते? संग्रामशाहांनी त्या बाळाला मांडीवर घेतले, गादी दिली. दुर्गावती त्याच घरात सून म्हणून आल्या. त्या घराचे राज्य त्यांनी चौदा वर्षे राखले आणि त्या घरासाठीच नर्रईच्या रणात देह ठेवला. चंदेल कुळात जन्मलेल्या राणींना आज गोंड समाज आपली आई म्हणतो, आणि त्यासाठी त्याने कोणाकडे जन्माचा दाखला मागितलेला नाही. सत्य शोधताना आपली बुद्धी तराजूसारखी सरळ असावी, आणि जे सापडेल ते स्वीकारताना मन त्या वाटसरूंसारखे मोकळे असावे. येत्या २४ जूनला राणींचे स्मरण करताना आपल्या घरातल्या एखाद्या विसरलेल्या पूर्वजाचे नावही जरूर शोधा, आणि सापडले तर पुढच्या श्राद्धाला ते आवर्जून उच्चारा.